खाप्याच्या वावरातली हराळी

पुंडलिक,

तू गेल्याचं मला हुडकेश्वरच्या घरी, अंगणात दाढी करत असताना कळलं. तुझ्या बाबारावदादांनी खाप्याहून माणूस पाठवला होता. त्यानं चपला काढल्या, पाणी मागितलं, प्यायला, आणि मग म्हणाला, "पुंडलिकभाऊ गेले सकाळी." मी उरलेली दाढी पूर्ण केली. दुसरं काय करायचं ते त्या क्षणी सुचलं नाही.

कावीळ झाल्यापासून मी तुला दोनदा भेटून गेलो होतो. दुसऱ्या वेळी तुझे डोळे पार पिवळे झाले होते आणि विमलवहिनी माझ्याकडे पाहायचं टाळत होत्या. त्यामुळे मला जे समजायचं ते समजलं होतं. तुला समजलं होतं की नाही, माहीत नाही. तू आजाराविषयी अवाक्षर काढलं नाहीस. मी हल्ली शिकणाऱ्यांना स्टिक कशी धरायला सांगतो ते विचारलंस. मी सांगितलं. तुला पटलं नाही. "हात बांधून टाकतो तू लोकायचे," म्हणालास. मी म्हणालो, बांधल्याशिवाय चेंडू सरळ जात नाही. तू मान फिरवलीस आणि झोपलास. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं. त्यात बदल करावा असं मला वाटत नाही. वीस-बावीस वर्षं आपण असंच बोलत आलो.

हे मी पुस्तकी भाषेत लिहितो आहे याची मला कल्पना आहे. तू असतास तर म्हणाला असतास, काहून गा असा मास्तरासारखा बोलून राहिला. मॅट्रिकपर्यंत शिकलो, त्याचा एवढाच उपयोग उरला आहे.

तेरवीला तुझ्या पुतण्यानं मला विचारलं, "काकाजी, तुम्ही आन् आमचे काका नेमकं काय खेळत होता? सिनेमात साहेब लोक खेळतात थेच?" मी हो म्हणालो. त्यानं पुढे विचारलं नाही. पण मला जाणवलं की तुझ्या घरात ही गोष्ट सबंध कुणालाच माहीत नाही. म्हणून तुला ठाऊक असलेलंच पुन्हा एकदा क्रमानं सांगतो. कुठे चुकलो तर थांबवायला तू नाहीस, हे लक्षात ठेवून सांगतो.

आपण दोघंही साहेबांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकलो. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. त्या काळात नागपुरात गोल्फवर पोट भरणारा प्रत्येकजण तसाच शिकला होता. तू खाप्याच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, शाळा सोडून शहरात आलेला. मी छप्पन साली दीक्षाभूमीवर आईवडिलांच्या मागे उभा राहून बौद्ध झालेल्या घरातला. तुझा फटका लांब जायचा, इतका की पाहणारे चेंडूकडे न पाहता तुझ्याकडे पाहायचे. माझा फटका बेताचा. पण भोकाजवळ पोचल्यावर माझी सहसा चूक होत नसे. तू दुरून येणारा, मी जवळून मारणारा, असं आपलं गणित होतं.

मोठ्या स्पर्धा कलकत्त्याला आणि दिल्लीला व्हायच्या, आणि तिथे नाव झालेल्या प्रोफेशनलांनाच जागा मिळे. आपल्यासारख्यांसाठी एक छोटं सर्किट होतं. दिवाळी झाली की सुरू व्हायचं. कामठी, जबलपूर, महू, पचमढी, बहुतेक छावणीची गावं, आणि शेवटची स्पर्धा नागपूरला. या सगळ्यांत मिळून जे थोडे वर राहतील त्यांना संक्रांतीनंतरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये खेळायला मिळायचं. बाकीचे घरी. शिडीची पहिली पायरी म्हणा. त्या पायरीवर केस पांढरे झालेली माणसंही आपल्यासोबत खेळत होती. जबलपूरच्या धर्मशाळेत ती माणसं सकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसायची आणि आपण त्यांच्याकडे न पाहता कपडे घालायचो.

आणि आपल्या दोघांत स्टिकांचा सेट एकच होता.

पासष्टची लढाई नुकतीच होऊन गेली होती. बाहेरचा माल येणं जवळजवळ बंद होतं. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्यानं मागे सोडलेला जुना सेट आपल्याला मिळाला, तो आपण दोघांचा म्हणून ठेवला. नियम असा की मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या खेळाडूची स्टिक वापरता येत नाही. पण तो खेळून बाहेर आला की त्याची बॅग कुणी घ्यावी, याला कुणाची हरकत नव्हती. म्हणून एकानं सकाळी खेळायचं आणि दुसऱ्यानं दुपारी. सर्किटचं काम पाहणारे देशकर साहेब रेल्वेत होते. कोण कुणाबरोबर, किती वाजता, हे तेच ठरवत, आणि काही न बोलता आपल्याला वेगवेगळ्या वेळा देत. शेवटच्या भोकाजवळ तू बॅग माझ्या खांद्यावर द्यायचास आणि एवढंच सांगायचास, "सात नंबरची आज उजवीकडं जाऊन राहिली." मग मी सात नंबरची स्टिक जपून वापरायचो. लोकांना हे हास्यास्पद वाटे. आपल्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. एका घरात दोन भाऊ एक सायकल वापरतात, तसं ते होतं.

अडचण आली ती नागपूरच्या स्पर्धेत, शेवटच्या दिवशी. शेवटच्या दिवशी जोड्या आदल्या दिवसापर्यंतच्या खेळावरून लागतात. तू आणि मी बरोबरीत होतो. म्हणजे जोडी आपलीच, वेळ एकच. वर जायची एक जागा उरली होती आणि ती आपल्या दोघांपैकीच एकाला मिळणार होती.

देशकर साहेबांनी संध्याकाळी आपल्याला कडुनिंबाखाली बोलावलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले की तुमच्यापैकी कुणाला उद्या बरं वाटत नसेल तर मी समजू शकतो. तू म्हणालास, दोघायलेही बरं वाटून राहिलं साहेब. साहेब मैदानाकडे पाहत, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तसं म्हणाले, "चौदापेक्षा जास्त स्टिका नेऊ नयेत असा नियम आहे. कमीत कमी किती, याचा नियम नाही." आणि निघून गेले.

आपण तिथेच बॅग उलटी केली आणि वाटणी केली. सगळं झटपट झालं. लोखंडाच्या एक तुला, एक मला, अशा गेल्या. राहिल्या दोन. एक लांब मारायची, लाकडी डोक्याची ड्रायव्हर. दुसरी भोकाजवळ चेंडू ढकलायची, तिला आपण पटर म्हणायचो. कुणीही हेच म्हणालं असतं की ड्रायव्हर पुंडलिकला आणि पटर हिरामणला. ज्याचा हात ज्यात चालतो त्याला ते. मी पटरला हात घातला तर तू माझं मनगट धरलंस.

"थे मले दे," म्हणालास. "तू ड्रायव्हर घे."

मी विचारलं, काहून?

"तू तं लोखंडाच्या स्टिकनंही भोकात टाकतो. मी कशानंही लांब मारतो. ज्याले जे येत नाही त्याच्याजवळ त्याचं हत्यार पाहिजेन."

मला ते त्या क्षणी पटलं आणि पुढची सगळी वर्षं पटलं नाही. हा वाद आपण एसटीत, लग्नाच्या पंगतीत, तुझ्या ओट्यावर, कुठे कुठे घातला. तू म्हणायचास, तो दोघांच्या भल्याचा हिशेब होता. मी म्हणायचो, तो तुझ्या भल्याचा होता आणि त्यात गैर काही नाही, फक्त कबूल कर. तू कबूल केलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी आपण अर्धी-अर्धी बॅग घेऊन उतरलो. पाहायला आलेले लोक पहिल्यांदा हसले. ड्रायव्हरनं मी जन्मात मारला नव्हता इतका लांब चेंडू मारला आणि मग भोकाजवळ येऊन दोन नंबरच्या लोखंडी स्टिकच्या कडेनं ढकलत बसलो. तू लोखंडाच्या स्टिकनं माझ्या मागे पडायचास, आणि भोकाजवळ पटर हातात घेऊन, जीभ दातांत धरून उभा राहायचास. पहिली काही भोकं झाल्यावर हसणं थांबलं. लोक गप्प चालू लागले. आपणही एकमेकांशी बोललो नाही. एकदाच, माझा चेंडू भोकाच्या काठावरून परत आला, तेव्हा तू "अरे" म्हणालास, तेवढंच. शेवटच्या भोकावर माझा हातभर अंतरावरचा चेंडू कडेला लागून बाहेर राहिला. तुझा आत गेला. एका फटक्यानं तू वर गेलास.

मी हात मिळवला. माझ्याकडची अर्धी बॅग तुझ्या बॅगेत भरली. संक्रांत झाल्यावर तुला स्टेशनवर सोडायला आलो तेव्हा विमलवहिनींनी तिळाची वडी बांधून दिली होती आणि ती कुठे ठेवायची यावरून तुमचं बोलणं चाललं होतं. गाडी हलली तेव्हा तू दारात उभा होतास. हात वगैरे हलवला नाहीस. तुला तशी सवय नव्हती.

होळीच्या सुमारास तू परत आलास. बातम्या आधीच पोचल्या होत्या. एकाही मोठ्या स्पर्धेत तुला शेवटच्या दोन दिवसांपर्यंत पोचता आलं नव्हतं. मी स्टेशनवर घ्यायला आलो. बॅग मीच घेतली. बाहेरच्या टपरीवर आपण चहा प्यायलो आणि तू बराच वेळ मला टपरीवाल्याचा चहा कलकत्त्याच्या चहापेक्षा कसा वेगळा आहे ते सांगत राहिलास. मग कप खाली ठेवलास.

"हिरामण, तिथं बॉल वळते."

मी म्हणालो, वारा असेल.

"वारा नाही गा. गवत. भोकाजवळ गवत हाये, गालिच्यासारखं. आपण सरळ मारतो आन् थे गवत त्याले वळवते. कुठं वळवीन, समजतच नाही."

हे तुझ्या पुतण्याला समजावं म्हणून सांगतो. आपल्याकडच्या छोट्या मैदानांवर तेव्हा भोकाभोवती गवत नसे. पाणी कुठलं तेवढं. वाळूत जळकं ऑइल मिसळून ती जागा दाबून सपाट करायचे. तिला ब्राऊन म्हणत. काळपट, कडक, वास येणारी. तिथे चेंडू सांगितला तसा सरळ जायचा. कामठीपासून पचमढीपर्यंत आपण त्याच वाळूवर शिकलो, त्याच वाळूवर जिंकलो, आणि वर पाठवले गेलो ते गवतावर खेळायला. पोहायला शिकलेल्याला तलावातून काढून नदीत सोडावं, इतपत तरी साम्य हवं; इथे तेही नव्हतं.

यावरही आपला वाद झाला. तू म्हणालास, असं सर्किट बंद करावं, हे माणसाला वर नेत नाही, फसवते. मी म्हणालो की ते नसतं तर आपण दोघं जबलपूरच्या पुढे रेल्वेत बसलो नसतो. तू म्हणालास, रेल्वेत बसाले खेळतो का? या वादाचाही निकाल लागला नाही. आज मला वाटतं तू थोडा जास्त बरोबर होतास. पण थोडाच.

चैत्रात तू खाप्याला निघून गेलास आणि शहरात दिसेनासा झालास. मी समजलो, सोडलं यानं. शेतीला लागला. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण आश्चर्यही वाटलं नाही. बरेच जण असेच जायचे, न सांगता. मग पावसाळ्याच्या तोंडावर तुझा निरोप आला, एकदा येऊन जाजो.

तुझ्या घरी मी त्यापूर्वी कधी आलो नव्हतो. ओट्यावर बसलो. थोरल्या वहिनींनी चहा पाठवला, तुला आणि बाबारावदादांना कपबशीत, मला काचेच्या ग्लासात. अशा गोष्टींची मला सवय होती. त्या घरात वाईट माणसं नव्हती. तू ग्लास उचललास, आपली कपबशी माझ्यापुढे सरकवलीस आणि चहा पिऊ लागलास. दादांनी ते पाहिलं.  पुढच्या वेळी सगळ्यांना ग्लास आले, आणि त्यानंतर पुन्हा कपबश्या, सगळ्यांनाच. मी त्यावर कधी बोललो नाही, तूही नाहीस.

चहानंतर तू मला कन्हान नदीच्या बाजूच्या वावरात घेऊन गेलास. नदीकडचा कोपरा तू गुडघाभर खणून काढला होतास. खाली गोटे, वर नदीची वाळू, वर शेणखत आणि थोडी काळी माती. मला वाटलं, भाजीचा वाफा असेल. तू म्हणालास, हराळी लावाची हाये.

हराळी काय आहे हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. ते गवत वावरात घुसलं की पीक खातं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्या बायका उन्हाळाभर ते खणून काढतात आणि तरी पावसाळ्यात ते पुन्हा उगवतं. बाबारावदादा आपल्या मागोमाग आले होते. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"बापाची कंबर गेली हे उपटता उपटता," ते म्हणाले. "आन् तू हातानं लावून राहिला?"

तू म्हणालास, चर खणतो ना दादा भोवताल. बाहेर नाही येऊ देत.

"चर? हराळीले?" दादा म्हणाले आणि घराकडे निघून गेले. त्यांचं चुकीचं नव्हतं. तुम्हा भावांची वाटणी झालेली नव्हती, वावर दोघांचं होतं. त्या वर्षी दादा तुझ्याशी कामापुरतंच बोलले, असं विमलवहिनींनी मला नंतर सांगितलं. त्या मध्ये भरडल्या गेल्या. एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला गवताला पाणी घालणारा नवरा. गावात विचारणाऱ्या बायकांना त्या सांगायच्या की गुरांसाठी लावलं आहे. मग बायका विचारायच्या, गुरं कुठं हायेत वं चरून राहिली?

मीही तुला विचारलं होतं, हे काय चाललं आहे. तू म्हणालास, "मले समजलं थे तुले तिकडं जाऊन समजाले नको. इथंच समजून घे."

एवढंच. याहून जास्त तू या विषयावर कधी बोलला नाहीस, आणि मी खोदून विचारलं नाही.

पाऊस पडला आणि हराळीनं त्या खड्ड्यात जीव धरला. तू ती आधी विळ्यानं कापलीस, मग एका धनगराची मेंढरं दोन दिवस आणून सोडलीस, कारण मेंढरू बैलापेक्षा बुडाशी चावतं. मग शहरातल्या मैदानावरून टाकून दिलेलं, हातानं ढकलायचं गवत कापायचं यंत्र आणलंस आणि लोहाराकडून त्याची पाती घासून घेतलीस. रस्त्याच्या कामावरचा दगडी रूळ फिरवलास. दसऱ्यापर्यंत तिथे एक गोल, आखूड, हिरवी जागा तयार झाली होती, मोठ्या खोलीएवढी. भोवती चर, चराच्या पलीकडे दादांची वांगी.

मी आठवड्यातून दोनदा एसटीनं यायचो. पहिल्या दिवशी मी एकही चेंडू भोकात टाकू शकलो नाही. जो हात आयुष्यात चुकला नव्हता तो असा चुकताना पाहून मला हसू आलं आणि तुला राग आला. "हसू नोको," म्हणालास. "मी दोन महिने असंच हसून घेतलं लोकायकडून." मग तू खाली बसायचास, गाल जमिनीला टेकवून, आणि सांगायचास, इथं नदीकडं उतार हाये, गवताची मान तिकडं हाये, तिकडंच नेते थे. मी मारायचो, तू पाहायचास. ऊन उतरेपर्यंत. दिवाळीपर्यंत मला गवताचं वळण समजू लागलं. सगळं नाही. पण इतकं, की चेंडू सुटल्यावर तो कुठे जाणार हे माझ्या आधी पायांना कळायचं.

त्या हिवाळ्यात मी वर गेलो. तू नागपूरच्या स्पर्धेत मागे राहिलास. तोवर मला तीन-चार स्टिका वेगळ्या मिळाल्या होत्या, वाटणीचा प्रश्न आला नव्हता. मला वाटतं सबंध पावसाळा तू चेंडू मारलाच नव्हतास, गवतच सांभाळलं होतंस. हे मी तुला त्या वेळी बोललो. तू म्हणालास, हात जड झाले, दुसरं काही नाही. आणखी दोन हिवाळे तू खेळलास आणि मग थांबलास. थांबलो असं कुणाला सांगितलं नाहीस. कामठीला नाव दिलं नाहीस, इतकंच.

मी दहा-बारा हिवाळे मोठ्या स्पर्धांमध्ये खेळलो. मोठं काही जिंकलो नाही. पण शेवटच्या दिवसापर्यंत पोचायचो, माझ्या नावापुढे नागपूर लिहिलं जायचं, आणि त्यावर घर चाललं. पुढे शिकवण्याचं काम मिळालं तेही त्याच्याच जोरावर. कलकत्त्याला पहिल्यांदा गेलो त्या सकाळी मी भोकाजवळ गेलो, कुणाचं लक्ष नाही पाहून खाली बसलो आणि गवताची मान कुठे आहे ते पाहिलं. ती होती. तू सांगितली तशीच. मला त्या वेळी तुझी आठवण झाली असं म्हटलं तर तू हसशील. आठवण वगैरे नाही, तू शेजारी बसला आहेस असंच वाटलं आणि मी उठलो.

परत आल्यावर तुला काय सांगायचं ते मी गाडीत ठरवत होतो. खाप्याला आलो तेव्हा तू यंत्र उलटं करून पात्यांना तेल देत होतास. मी म्हणालो, "हिरवळ बरी झाली तुझी." तू मान वर न करता म्हणालास, "बरी?" मी म्हणालो, हो, बरी. मग आपण जेवायला गेलो. विमलवहिनींनी भिवापुरी मिरचीचा ठेचा केला होता आणि तू माझ्या पानातला उचलून खाल्लास.

याहून मोठे शब्द आपल्यात नव्हते. आज मी ते लिहू शकतो, कारण वाचायला तू नाहीस. माझ्या त्या सगळ्या हिवाळ्यांखाली तुझं वावर होतं. तू स्वतः तिथे पोचू शकला असतास. माझ्याहून लांब मारणारा माणूस मी त्या सर्किटवर दुसरा पाहिला नाही. ते पावसाळे तू गवताला दिलेस, आणि का दिलेस हे मला आजही नीट कळत नाही. मैत्री म्हणून, असं म्हणायला सोपं आहे. कधी वाटतं, तुला स्वतःलाच कोडं सोडवायचं होतं आणि मी फक्त जवळ होतो. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला सारखंच.

पुढे तुझ्याकडे इतरही येऊ लागले. छोट्या सर्किटवरचे नवे प्रोफेशनल, जबलपूरचे, कामठीचे. वर जायच्या आधी दोन-चार दिवस खाप्याला राहायचे. विमलवहिनी भाकरी थापायच्या आणि आता गावातल्या बायकांना सरळ सांगायच्या की हे खेळणारे आहेत. त्यांतले काही टिकले, बरेच टिकले नाहीत. जे टिकले नाहीत ते परतताना तुझ्याकडे उतरायचे, याचं मला नवल वाटे. तू त्यांना काही समजावत नसायचास. विहिरीवर आंघोळ करायला लावायचास, जेवू घालायचास, आणि एसटीत बसवून द्यायचास.

आता शहरातल्या मैदानावरही भोकाभोवती गवत लावायचं काम सुरू झालं आहे. मी हे तुला शेवटच्या भेटीत सांगणार होतो आणि स्टिक धरण्याच्या वादात राहून गेलं. म्हणजे इथून पुढे कुणाला खाप्याला यायची गरज राहणार नाही.

तेरवी आटोपल्यावर मी निघालो होतो. बाबारावदादा म्हणाले, वावरातून होऊन जाऊ. ते पुष्कळ थकले आहेत. आपण, म्हणजे मी आणि ते, चरापाशी उभे राहिलो. तू अंथरुणाला खिळल्यापासून कुणी गवत कापलेलं नव्हतं. ते घोट्याच्या वर आलं होतं आणि भोक कुठे आहे ते दिसत नव्हतं.

दादांनी मला विचारलं, "नांगरू का?"

त्यांनी मला का विचारावं, हे मला कळलं नाही. वावर त्यांचं, भाऊ त्यांचा. मी मनात तोललं. आता शहरात गवत येणार आहे. विमलवहिनींना त्या तुकड्यात भाजी निघेल. ज्या गोष्टीचं काम संपलं ती ठेवून कुणाचं भलं होत नाही, असं मी आयुष्यभर मानत आलो आणि तूही मानत होतास. मी म्हणालो, "नांगरा दादा. चांगली माती आहे."

 खाली वाकून दादांनी चराच्या बाहेर आलेला हराळीचा एक फुटवा मुळासकट उपटला आणि चराच्या आत टाकला.

"नांगरून मरत नाही हे," ते म्हणाले. "तुकडे होतेत आन् साऱ्या वावरात पसरते. राहू दे हाये तिथंच." आणि काठी टेकत ते विहिरीकडे गेले. थोड्या वेळानं मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाटातून पाणी त्या बाजूला वळलं.

मी शेवटची एसटी धरून परत आलो. सध्या इतकंच सांगण्यासारखं आहे, पुंडलिक. पाणी चालू आहे. गवत वाढलं आहे, कापायला कुणी नाही. पुढच्या आठवड्यात मी जाऊन पाहतो.